चिकटावं म्हणून

कुडाळच्या एमआयडीसीत, काजूच्या कारखान्याच्या
पाठीला पाठ लावून आमची शेड आहे.
सकाळी आल्या आल्या मी हवेतला दमटपणा वाचते.
काटा साठच्या वर असला तर पावडर गोळा होते,
नळीत अडते, गिरणीत ओले तांदूळ अडावेत तशी.
मग ती भट्टीत वाळवायची, चहा प्यायचा, थांबायचं.
समुद्र इथून दिसत नाही,
पण रोज आमच्या कामात हात घालतो.

पावडर पांढरी. कॅल्शियम आणि फॉस्फरस.
हाडाचंच पीठ म्हणा,
फक्त कुणाच्याच हाडाचं नाही.

खुबा मोडलेल्या माणसांसाठी टायटेनियमच्या दांड्या येतात,
गुळगुळीत, नव्या चमच्यासारख्या.
गुळगुळीत चालत नाही.
आधी बारीक खड्यांचा मारा करून त्यांना खरखरीत करायचं,
मग फेलिक्स लोबो काचेआड गन पेटवतो,
आर्गॉन ओरडतो, आणि त्या जिभेतून जाताना
पावडर निमिषभर वितळते.
फार वितळली तर शरीरात मिठासारखी विरघळेल,
कमी वितळली तर पोपडे निघतील.
फेलिक्स म्हणतो, घावन उलटायची वेळ
कुणी सांगून कळते काय?
माझ्या वहीला मात्र आकडा लागतो.
केसाच्या जाडीएवढा थर. त्याहून जास्त नाही.

शरीर परक्याला मारत नाही नेहमी.
नुसतं त्याच्याभोवती मऊ पडदा धरतं
आणि आत एकटं ठेवतं. दांडी हलत राहते, माणूस लंगडतो.
थर असला की हाड जवळ येतं,
चाचपतं, आपलंच आहे समजून मिठी मारतं.
ही फसवणूक आहे का, असं मी एकदा विचारलं होतं.
फेलिक्स म्हणाला, तू वही भर.

निवतीला घरी जाते तेव्हा
आबा होडी वाळूवर आडवी घालून बसलेले असतात.
तळाला कालवं, शिणाणे, टोकदार पांढरी कवचं,
एका मोसमात बसलेली.
कोयत्याच्या पाठीनं खरवडतात, मग वर काजूचं काळं तेल,
पुन्हा कोण बसू नये म्हणून.
मी माझं काम सांगितलं
तर कोयता थांबला.
"मगे तू उलटोच धंदो करतंस गो!
माझी हयात खरवडण्यात गेली
आणि तू चिकटवतंस?"
मग खूप वेळ हसले, खोकला येईपर्यंत.

सकवार आत्या जेटीवर शेवाळावरून घसरली.
बांबोळीला ऑपरेशन झालं.
पुढची नऊ वर्षं ती टोपली घेऊन परुळ्याच्या बाजाराला चालत गेली,
भाव पाडणाऱ्यांना शिव्या देत,
त्या पायाचं नाव एकदाही न काढता.

गेल्या माघात गेली.
तिसऱ्या दिवशी राख सावडताना
आबांच्या बोटांना काहीतरी लागलं.
त्यांनी ते नारळपाण्यानं धुतलं, सगळ्यांदेखत माझ्या हातात दिलं.
"ह्यां तुमच्या कारखान्यातलां काय गो?"

मानेवरचा नंबर जळून गेला होता.
धातू करपून निळसर झालेला,
आणि त्याला सगळीकडून धरून पांढरं.
मी नखानं खरवडून बघितलं. निघेना.
आगीनं हाडाची राख केली की उरतं तेच
कॅल्शियम, तेच फॉस्फरस.
आमचा थर कुठे संपतो
आणि आत्या कुठे सुरू होते
ते सांगणारं यंत्र शेडमध्ये आहे, नाही असं नाही.

गाडग्यात ती दांडी मावत नव्हती.
भटजी म्हणाले, धातू पाण्यात नको.
आबा काही बोलले नाहीत.
त्यांनी ती पंचात गुंडाळली
आणि होडीत, वल्ह्याशेजारी ठेवली.

अजून तिथेच आहे.
परवा होडी आडवी घातली तेव्हा
त्यांनी आधी ती उचलून बाजूला ठेवली,
मग कोयता हातात घेतला.